समजा, पोर पडलं तर!

आमच्या बिल्डिंगमधली केबलची वायर रोज संध्याकाळी एक गृहस्थ उपसून काढायचे, आणि ती काढताना ते स्वतःच इतके घाबरलेले असायचे की ज्याचा कार्यक्रम बंद पडला त्यालाही त्यांची दया यावी.

आधी ते घरातून जेवायचा पाट घेऊन यायचे. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात केबलवाल्याने बूस्टरची पेटी ठोकली होती, तिच्याखाली पाट मांडायचे. पायात गमबूट, हातात कोपरापर्यंत येणारे काळे रबरी मोजे, डोळ्यांवर वेल्डिंगवाले लावतात तसला चष्मा. एवढ्या तयारीने पाटावर चढायचे, तोंड जिन्याकडे फिरवायचे, डोळे घट्ट मिटायचे आणि "बा वेतोबा, सांभाळ रे" म्हणत वायर खस्सकन ओढायचे. चारही मजल्यांवरून एकदम "ए ए ए!" असा ओरडा उठायचा. त्या ओरड्याने ते पुन्हा दचकायचे. मग एक मोजा काढून गळ्यातली शिट्टी फुंकायचे आणि हाक घालायचे, "पोरांनो, खाली! खाली चला!"

हे शशिकांत नाबर. वय पन्नाशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, तळमजल्यावर म्हाताऱ्या आईबरोबर राहायचे. पोरं त्यांना समजाकाका म्हणायची, कारण त्यांचं निम्मं बोलणं 'समजा'ने सुरू व्हायचं आणि अपघाताने संपायचं.

"समजा, हा जिना खचला..."

"समजा, उंदराने गॅसची नळी कुरतडली..."

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ते सकाळच्या पाळीला सेफ्टीचे साहेब होते. कुठला अपघात कसा होईल याचा तो व्हायच्या आधीच विचार करायचा, यासाठी त्यांना पगार मिळायचा. गडबड एवढीच की साहेब घरी यायला निघाले की विचारही डबा घेऊन त्यांच्या बरोबर निघायचे.

सोसायटीच्या सत्यनारायणाला सगळे तीर्थप्रसादाच्या रांगेत, आणि नाबरकाका समईशेजारी वाळूची बादली घेऊन उभे. भटजी आरती ओवाळायला लागले की हे बादली उचलायचे. पहिल्या मजल्यावरच्या परांजप्यांकडे बारसं होतं, तेव्हा पाळण्याची कडी मजबूत आहे का ते बघायला यांनी तिला गव्हाचं पोतं टांगलं. कडी छताच्या गिलाव्यासकट खाली आली.

"समजा, हे पोतं नसून बाळ असतं?" नाबरकाकांनी विचारलं.

"अहो, बाळ तीन किलोचं आहे!" परांजपे ओरडले.

"आज तीन किलोचं आहे," नाबरकाका म्हणाले.

कुत्रा, पाल, वीज, विजेचं बिल आणणारा माणूस, प्रेशर कुकर, या सगळ्यांची त्यांना भीती वाटायची. कोणाकडे गेले आणि स्वयंपाकघरात कुकर लावलेला असला, तर शिट्टी होईपर्यंत ते दाराबाहेर थांबायचे. गच्चीवर ते कधीच गेले नाहीत. दुसऱ्या मजल्यापर्यंत चढायचे तेही भिंतीला खांदा घासत, कठड्यापासून शक्य तितकं लांबून. त्यांच्या सदऱ्याच्या उजव्या खांद्यावर कायम चुना असायचा.

आणि ते बाहेर पडले की तळमजल्याच्या खिडकीतून, गजांना धरून, त्यांची आई ओरडायची, "शशी, सांबाळून रे!" सगळी बिल्डिंग तिला अक्का म्हणायची. केस पांढरेशुभ्र, कमरेत वाकलेली, पण आवाज मानपाडा रोडपर्यंत जायचा.

असा माणूस दुसऱ्यांची पोरं रानात का नेतो, हे कोडं मला उलगडत नव्हतं. पण त्याआधी माझ्या स्वतःच्या भीतीबद्दल सांगायला हवं, कारण त्या काळात डोंबिवलीत माझ्याइतकं घाबरणारं दुसरं कोणी असेल तर ते नाबरकाकाच.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. माझे यजमान नोकरीसाठी मस्कतला, मी ठाण्याला एका ऑफिसात, आणि आमची मिथिला, म्हणजे मिथू, नऊ वर्षांची. शाळेतून दुपारी यायची, गळ्यातल्या किल्लीने कुलूप उघडायची आणि मी येईपर्यंत एकटी असायची. ऑफिसात फायलीवर मान घातलेली असली तरी माझ्या डोळ्यांपुढे वेगळंच चाललेलं असायचं. मानपाडा रोडवरून भरधाव जाणारे टँकर. बिल्डिंगमागचा उघडा नाला. एमआयडीसीतून काही संध्याकाळी असा वास यायचा की डोळे चुरचुरायचे, तो नक्की कसला आहे ते कोणीच सांगायचं नाही. त्यात त्या वर्षी पोरं पळवणाऱ्या टोळीची आवई उठलेली. कोणी म्हणे पांढरी व्हॅन, कोणी म्हणे काळी. मी दोन्ही रंगांच्या व्हॅनना घाबरायचे.

म्हणून केबल आली तेव्हा मला खरंच हायसं वाटलं. मानपाड्याच्या बाळू म्हात्रेने गच्चीगच्चीवरून वायरी टाकल्या आणि एका महिन्यात बिल्डिंगखालचं अंगण रिकामं झालं. लगोरीच्या फरश्या कोपऱ्यात पडून राहिल्या. मिथू शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि टीव्हीपुढे बसायची ते मी येईपर्यंत. मी शेजारी फोन करून विचारायचे, "मिथू काय करतेय?" शेजारीण म्हणायची, "टीव्ही ऐकू येतोय." बास. टीव्ही चालू आहे म्हणजे पोरगी घरात आहे. मला दुसरं काही नको होतं.

ती जेवताना माझ्याकडे न बघता घास गिळायला लागली होती. चष्म्याचा नंबर वाढला होता. शाळेतलं काही विचारलं तर जाहिरातीतलं वाक्य उत्तरात यायचं. ते सगळं मला दिसत होतं. पण टँकरखाली सापडण्यापेक्षा चष्मा बरा, असं मी मनाला समजवायचे.

आणि एके दिवशी मी ऑफिसातून लवकर आले तर घराला कुलूप. टीव्ही बंद. शेजारीण म्हणाली, "अगं, समजाकाका घेऊन गेले सगळ्यांना. रस्त्यापलीकडे. शेतात."

मी फाटकापाशी धावत गेले तर समोरून वरात येत होती. सगळ्यात पुढे नाबरकाका, हातात कारखान्यातला लाल बावटा. मागे आठदहा पोरं, सगळ्यांनी एकच लांब दोर धरलेला. नाबरकाका रस्त्याच्या मधोमध उभे राहून बावटा फडकवत होते आणि एक ट्रकवाला खिडकीतून त्यांच्या सात पिढ्या काढत होता. त्यांचे पाय लटपटत होते. पण शेवटचं पोर फाटकात शिरेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

मिथूच्या फ्रॉकला चिखल. केसांत काड्या. ती मला बघून म्हणाली, "आई, खेकडा तिरका का चालतो माहितेय?" किती दिवसांनी तिने मला काहीतरी विचारलं होतं. पण मी ते ऐकलंच नाही.

"नाबरकाका, तुम्ही माझ्या मुलीला रस्ता ओलांडून नेलंत?"

"नेलं, वहिनी."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणालेच असते! तिथे विहिरी आहेत, साप आहेत..."

"विहिरी तीन आहेत," ते गंभीरपणे म्हणाले. "एकीला कठडा नाही. तिच्या बाजूला जात नाही आम्ही. आणि साप आज एकच दिसला. धामण होती असं पोरं म्हणतात. मी बघायला थांबलो नाही."

"आणि तरीही नेता?"

"तरीही नेतो." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "मला रात्री झोप लागत नाही हो, वहिनी. डोळे मिटले की विहीर दिसते."

"मग नेता कशाला?"

"समजा, नाही नेलं..." ते म्हणाले आणि थांबले. मी वाट बघितली. पुढचा अपघात काही आला नाही. ते बावटा गुंडाळत घरात निघून गेले. खिडकीतून अक्का विचारत होती, "शशी, लागला नाय मा खंय?"

पुढच्या शनिवारी माझी अर्धी सुट्टी होती. मी त्या वरातीबरोबर गेले. भांडायचं तर नीट बघून भांडावं, असा विचार.

रस्ता ओलांडून बाभळीच्या रांगेमागे गेलं की तेव्हा तिथे भाताची खाचरं होती. लांब शीळफाट्याच्या बाजूला डोंगर. मध्ये एक ओढा आणि बांधावर जुनं चिंचेचं झाड. तिथे पोहोचेपर्यंत दोर सोडायची कोणाला परवानगी नव्हती. मला वाटलं, आता हा माणूस पोरांना एका रांगेत बसवून ठेवणार.

त्यांनी शिट्टी वाजवली आणि म्हणाले, "सुटा!"

पोरं सुटली. बांधावरून, ओढ्यात, झाडावर, जिकडेतिकडे. आणि नाबरकाका झाडाकडे पाठ करून उभे राहिले. डोळे मिटलेले, दोन्ही मुठी आवळलेल्या. त्यांच्याजवळ परांजप्यांची मोठी मुलगी, नीलिमा. ती बारा वर्षांची होती आणि तिचं काम काकांना सांगत राहणं.

"कुठवर गेला?" नाबरकाका विचारायचे.

"दुसऱ्या फांदीवर, काका."

"पडला?"

"नाही."

"आता?"

"तिसऱ्या."

"अरे देवा. आता पडला?"

"नाही हो, काका!"

मला हसू आलं, आणि लगेच ते घशातच अडकलं, कारण तिसऱ्या फांदीवर मिथू होती. मी ओरडायला तोंड उघडलं, तोच नाबरकाका डोळे न उघडता म्हणाले, "वहिनी, हाक मारू नका. हाक मारली की पोर खाली बघतं." मग मीसुद्धा त्यांच्या शेजारी झाडाकडे पाठ करून उभी राहिले. दोन मोठी माणसं, रिकाम्या शेताकडे तोंड करून, थरथरत.

शिकवत ते काहीच नव्हते. त्यांना पाखरांची नावं येत नव्हती, झाडांची जेमतेम. परत निघताना प्रत्येक पोराला फक्त विचारायचे, "आज काय बघितलंस?" आणि टीव्हीत बघितलेलं काही सांगितलं तर मान हलवायचे, "ते नाही. इथलं." मग पोरं सांगायची. सुगरणीचं एक घरटं अर्धवट सोडलेलं आहे. पाण्यावर चालणारा किडा उन्हात चार ठिपक्यांची सावली पाडतो. एका पाखराला नाव नव्हतं, ते सारखं कुरकुरत होतं, म्हणून मुलांनी त्याचं नाव 'परांजपे' ठेवलं होतं. नाबरकाकांनी तेही नाव मान्य केलं होतं.

मी भांडले नाही. त्यानंतर मिथू रोज जायला लागली आणि मी रोज घाबरायला लागले. पण आता जेवताना ती बोलायची. मी घाबरत घाबरत ऐकायचे.

बाळू म्हात्रेचं मात्र डोकं फिरलेलं होतं. लोक पैसे देताना कुरकुर करायचे आणि तो रोज संध्याकाळी शिडी घेऊन वायर जोडायला यायचा. "मना सांगा वहिनी," तो एकदा मला जिन्यात म्हणाला, "ह्यो मानूस डोक्यानं बरा हाय ना? वायरीत करंट नसतं हे मी त्याना धा येला सांगितलाय. तरी मोजे घालतंय."

"मग पेटीला कुलूप का लावत नाहीस?" मी विचारलं.

तो शिडीवर डोकं खाजवत बसला. "आमची बारकी पन जाते ना त्यांच्यासंगती," तो म्हणाला.

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. दिवस लहान झालेले. मी घरी पोहोचले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि फाटकापाशी तीनचार बायका उभ्या होत्या. नुसत्या उभ्या राहण्यावरून कळतं.

"आली नाहीत अजून," नीलिमाची आई म्हणाली.

"कधी गेली?"

"नेहमीच्याच वेळेला. एव्हाना येतात."

रस्त्यावर टँकरचे दिवे लागले होते. पलीकडे बाभळी काळ्या दिसायला लागल्या होत्या आणि त्यांच्या मागचं काहीच दिसत नव्हतं. त्या संध्याकाळी एमआयडीसीचा वासही होता. बायका एकेक बोलायला लागल्या आणि प्रत्येक वाक्य नाबरकाकांच्या तोंडचं वाटत होतं. समजा, ओढ्याला पाणी आलं असेल. समजा, ती व्हॅन. समजा, बिनकठड्याची विहीर. कोणीतरी म्हणालं, "वेडा माणूस आहे तो, मी आधीपासून सांगत होते."

नाबरकाका अक्काला काही बोलले असतील, दुसरीकडे कुठे जायचं ठरलं असेल, म्हणून मी त्यांच्या घरात शिरले. आत दिवा लावलेला नव्हता. अक्का खिडकीत गज धरून बसली होती. माझी चाहूल लागताच म्हणाली, "शशी?"

"नाही अक्का, मी. काका कुठे जाणार म्हणाले होते का?"

"माजो झील खंय ऱ्हवलो गे?" मुलगा कुठे राहिला, असं तिने मलाच विचारलं. तिचा हात थंडगार होता. माझा हात सोडायला ती तयार नव्हती. आणि तिथेच, अंधारात, तिने मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं. तिला कोणाला तरी सांगायचंच होतं.

शशीच्या आधी तिला एक मुलगा होता, गणू. सात वर्षांचा असताना तो खेळायला म्हणून गेला आणि गावच्या देवळाच्या तळीतून त्याला बाहेर काढलं. शशी तेव्हा रांगत होता.

"मगे शशीक मी बांदून ठेवलंय," अक्का म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. "बांधून म्हणजे?"

म्हणजे बांधूनच. शेतावर जाताना जुन्या लुगड्याची पट्टी काढून त्याचा पाय खिडकीच्या गजाला बांधायची. शेजारच्या म्हातारीला लक्ष ठेवायला सांगायची. तो शाळेत जाईपर्यंत, आणि नंतरही शाळेतून आला की पुन्हा. समोर देवळाचं पटांगण होतं. वाडीतली सगळी पोरं तिथे खेळायची.

"रडायचे नाहीत?" मी विचारलं.

"रडाक नाय कधी. बगत बसायचो तो." अक्का गजांतून बाहेर बघत होती. "एकदा पट्टी सुटली, तरी भायर जावक नाय. माका भय वाटता, म्हणालो. पाच वर्सांचो पोर. त्येका भय माहीतच नाय होता गे. ता मी दिलंय."

बाहेरून बाळू म्हात्रेचा आवाज आला. "चला, कोन कोन येतय? मी बॅटरी घेतलीय." मी अक्काचा हात हळूच सोडवला, दिवा लावला आणि धावले.

बाळू पुढे, मी मागे, आणि नीलिमाचे बाबा. रस्ता कसा ओलांडला ते मला आठवत नाही. बाभळीच्या मागे गेल्यावर मी "मिथू!" अशी हाक मारली ती माझी मलाच ओळखू आली नाही. उत्तर आलं नाही. आम्ही बांधावरून धडपडत गेलो. माझी चप्पल चिखलात राहिली. बाळूने बॅटरी ओढ्यावर फिरवली. पाणी घोटाभरच होतं. मग त्याने ती झाडाकडे वळवली.

चिंचेखाली सगळी पोरं गोल करून बसली होती. सगळ्यांनी दोर धरलेला होता.

मिथू उठून धावत आली. मी आधी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिला अशी काही आवळली की तीच म्हणाली, "आई, श्वास!" आणि लगेच ओठांवर बोट ठेवून, "हळू बोल. काका वर आहेत."

"कुठे वर?"

तिने बोट दाखवलं. बॅटरीच्या उजेडात, उंचावर, एका आडव्या फांदीला मिठी मारून एक माणूस पालथा पडलेला दिसला. अनवाणी. झाडाच्या बुंध्याशी गमबुटांची जोडी नीट शेजारी शेजारी ठेवलेली होती.

झालं होतं ते असं. मिथू चिंचा काढायला नेहमीपेक्षा वर गेली आणि खाली बघितल्यावर तिचे हातपायच हलेनात. ती रडायला लागली. नाबरकाका नेहमीप्रमाणे पाठ करून, "कुठवर गेली?"

"काका, ती अडकली," नीलिमा म्हणाली. "तिला उतरता येत नाहीये."

नाबरकाका वळले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी त्या झाडाकडे तोंड केलं. गमबूट काढले आणि चढायला लागले. दर फांदीला "बा वेतोबा" म्हणत होते, पोरांनी मोजायचंही सोडून दिलं. मिथूच्या खालच्या फांदीवर पोहोचून त्यांनी तिचा पाय हाताने धरला आणि म्हणाले, "इथे ठेव. आता हा दुसरा इथे. घाबरू नकोस. पडलीस तर माझ्यावर पडशील." तिला वाट द्यायला ते स्वतः फांदीच्या टोकाकडे सरकले. ती त्यांच्या शेजारून उतरून गेली. ती जमिनीला पोहोचली का बघायला त्यांनी खाली पाहिलं, आणि तिथेच संपलं.

नीलिमा घरी निरोप द्यायला निघाली होती. वरून काकांनी ओरडून सांगितलं होतं, माझ्याशिवाय रस्ता कोणी ओलांडायचा नाही. आणि दोर सोडायचा नाही. म्हणून सगळी बसून राहिली होती.

"नाबरकाका!" मी हाक मारली.

"वहिनी?" आवाज पानांतून आला, अगदी बारीक. "पोरं मोजा."

मी मोजली. "सगळी आहेत."

"परत मोजा."

मी परत मोजली, मोठ्याने. मग वरून एक मोठा श्वास ऐकू आला.

"मी शिडी घेऊन येतंय," बाळू म्हणाला आणि माघारी पळाला. नीलिमाच्या बाबांनी पोरांना रस्त्याकडे न्यायचं म्हटलं, पण एकही पोर हलायला तयार होईना.

"काका, डोळे उघडा ना," मिथू म्हणाली.

"उघडले तर खाली दिसेल."

"खाली नका बघू. लांब बघा. वरून खूप भारी दिसतं."

वाऱ्याने चिंचेची पानं सळसळत होती तेवढीच. मग नाबरकाका म्हणाले, "दिसतंय."

"काय दिसतंय?" पोरांनी एकदम विचारलं.

"रस्ता दिसतोय. दिवे. आपली बिल्डिंग." ते थांबले. "सगळ्या खिडक्या टीव्हीने निळ्या आहेत. सगळ्या एकदम हलतायत. सगळी माणसं आत आहेत, वहिनी. एवढ्या उंचीवर मी कधी आलो नव्हतो. इथून सगळं किती जवळ आहे."

त्यांचा आवाज कापत होता. पण तो आता नुसता भीतीने कापत नव्हता, एवढं मला कळलं.

बाळू शिडी खांद्यावर घेऊन धापा टाकत आला. फांदीला शिडी टेकवत म्हणाला, "काका, रोज तुम्ही माझी वायर उतरवतां. आज मी तुमाला उतरवतंय. या. एक पाय द्या." पोरांनी शिडी खालून धरली. बाळू वर चढला आणि त्याने त्यांचा पाय हाताने धरून पायरीवर ठेवला, मग दुसरा. नीलिमा खालून सांगत होती, "आता तिसरी पायरी, काका. आता चौथी. पडला नाहीत."

आणि सगळ्यात खालच्या पायरीवरून, जमिनीपासून वीतभर अंतरावर, नाबरकाका पडले.

गुडघ्यांवरच, बांधावरच्या दगडांत. पँट फाटली. कोणी हसलं नाही. बाळूने बॅटरी धरली. उजव्या गुडघ्यातून रक्त येत होतं. नाबरकाका खाली बसून त्याकडे टक लावून बघत राहिले. मला वाटलं, आता यांना भोवळ येणार.

"लागलं," ते म्हणाले. कोणीतरी भेट द्यावी आणि ती आपल्यासाठीच आहे यावर विश्वास बसू नये, तसा चेहरा.

रस्ता ओलांडताना बावटा बाळूने धरला. फाटकापाशी बायका धावत आल्या, आपापलं पोर ओढून घेतलं, कोणी रडलं, कोणी मारलं. नाबरकाकांना चार शब्द सुनावायचं ठरवून उभ्या असलेल्यांनी त्यांची फाटलेली पँट बघितली आणि बोलणं गिळलं. ते लंगडत होते. मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेले.

अक्का दारातच उभी होती. त्यांना आत घेतलं, पलंगावर बसवलं, आणि दिव्याखाली गुडघा बघितला.

"ह्या काय?"

"पडलंय गे आये," नाबरकाका म्हणाले. आईशी ते मालवणीत बोलायचे, हे मला तेव्हाच कळलं. "झाडार चढललंय."

अक्का आत गेली. वाटीत हळद आणि खोबरेल कालवून आली. खाली बसायला तिला वेळ लागला. मग तिने मुलाचा पाय मांडीवर घेतला आणि बोटाने हळद लावली. त्यांनी "स्स" केलं, तशी तिने जखमेवर फुंकर घातली. पन्नाशीचा तो माणूस पाय लांब करून तिच्याकडे बघत होता.

"उद्या परत जातलंस?" तिने वर न बघता विचारलं.

नाबरकाका म्हणाले, "जातलंय."

अक्काने दुसरा गुडघाही तपासला, तिथे काही नव्हतं. पँटचा फाटलेला काठ तिने सारखा केला. मग म्हणाली, "जा."